मुखेडच्या रायफलीचा कुंदा

बंदूक दुरुस्तीच्या दुकानात किस्से साठतात ते एका साध्या कारणानं. घड्याळ बंद पडलं तर माणूस ते दुकानात टाकून भाजी आणायला जातो. बंदूक सहसा कुणी टाकून जात नाही. लायसन्स त्याच्या नावाचं, उद्या काही झालं तर मान त्याची, म्हणून काम होईपर्यंत तो समोरच्या बाकावर बसतो. बसला की बोलतो. संध्याकाळी बंदूक घेऊन जातो आणि बोललेलं इथंच ठेवून जातो. नांदेडला जुन्या मोंढ्याजवळच्या आमच्या दुकानात असं पन्नास वर्षांचं बोलणं पडून आहे. बाक आता बहुतेक दिवस रिकामा असतो. ऐकायचं काम राहिलं नाही म्हणून लिहायला घेतलं.

आधी माझी बाजू सांगून टाकते. शिकारीची जुनी रायफल जशी कारखान्यातून निघाली तशीच ठेवावी, तिला कापू नये, भोकं पाडू नयेत, रंगवू नये, या मताची मी आहे. माझा नवरा बरोब्बर उलट्या मताचा. त्याला सगळा जिल्हा मिस्त्री म्हणायचा, मी पण मिस्त्रीच म्हणायची. तो म्हणायचा, "रायफल माणसासाठी हाय. माणसाच्या खांद्यात बसंना तर तिला काय ओवाळायचं हाय का?" कुणाची नळी आखूड करून दे, कुणाला दुर्बीण बसवून दे, कुणाचा कुंदा कापून दे. कुंदा म्हणजे बंदुकीचा लाकडी भाग, मागून खांद्याला टेकतो तो. मिस्त्री जाऊन एकोणीस वर्षं झाली. आमचं भांडण अजून चालू आहे, फक्त आता दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतं.

या भांडणात माझ्या बाजूनं एकच साक्षीदार होता. मुखेडच्या बापूसाहेबांची रायफल. नांदेड आणि लातूर दोन्ही जिल्ह्यांत मिस्त्रीचा हात न लागलेली, माझ्या माहितीतली ती एकटी. या वर्षी ती विकायची वेळ आली. घेणाऱ्यानं अट घातली, की हिच्यात कुणी काही बदललेलं नाही असं मी माझ्या हातानं लिहून द्यावं. तेवढी एक चिठ्ठी लिहायची होती. त्या चिठ्ठीपायी हे सगळं वर आलं.

*

मी चौथी पास. चौथीनंतर शाळा नव्हती आणि असती तरी बापानं धाडलं नसतं. बंदुकीतलं मला जे येतं ते मला कुणी शिकवलेलं नाही, मिस्त्रीनं तर नाहीच.

लग्नाला पाच-सहा वर्षं झाली असतील. लातूरकडच्या एका देशमुखांच्या रायफलीला मिस्त्रीनं दुर्बीण बसवली होती. वरच्या लोखंडात चार भोकं पाडून, स्क्रू आवळून. त्याच दिवशी हैदराबादचे एक म्हातारे गृहस्थ दुकानात आले. जुन्या बंदुका जमवायचा त्यांना नाद. मिस्त्रीनं मोठ्या अभिमानानं ती रायफल त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं, "ये छेद किसने करे?"

मिस्त्री म्हणाला, "मैंने."

"बहुत अच्छे करे. बिल्कुल सीधे हैं." मग रायफल हळूच खाली ठेवली. "अब इसको दुर्बीन बोल के बेचना. बंदूक तो रही नहीं."

मिस्त्री त्या दिवशी जेवला नाही. मला मात्र कळेना, की चार भोकांनी असं काय बिघडलं. जाताना ते गृहस्थ एक जाडजूड इंग्रजी यादी विसरून गेले होते, त्यात शंभर तऱ्हेच्या रायफली आणि त्यांचं वर्णन. मी शब्दकोश आणला, एबीसीडीपासून सुरुवात केली. दुपारची भांडी झाली की रोज एक पान. दीड वर्ष लागलं. पानं संपली तेव्हा मला कळलं होतं, की ज्या बंदुकीचा एकही स्क्रू बदललेला नाही तिला जगात मान आहे, आणि आमच्या दुकानात तो मान रोज सकाळी दहा वाजता कुलूप उघडून कापला जातो.

मी मिस्त्रीला तसं सांगितलं. पुढची तीस वर्षं रोज सांगितलं. तो बाकावरच्या लोकांना म्हणायचा, "हिला इंग्रजी आली अन् माझ्या हाताला खोट आली."

*

मिस्त्री गेला तेव्हा दुरुस्तीचं लायसन्स त्याच्या नावानं होतं. ते माझ्या नावावर करायला मी एका साहेबांपुढं उभी राहिले. साहेब कागद न वाचता म्हणाले, "मावशी, घरात कुणी पुरुष माणूस नाही का?"

"होता. त्याचाच दाखला जोडलाय."

"पण तुम्हाला यातलं येतं काय?"

मी म्हटलं, तुमच्याकडची कुठली बिघडलेली बंदूक आणा. साहेबांना गंमत वाटली. त्यांच्या वडिलांची दुनळी बंदूक कित्येक वर्षं घोडा अडकून कपाटात पडली होती. दुसऱ्या दिवशी खरंच घेऊन आले. मी त्यांच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि सगळी बंदूक सुटी केली. घोड्याच्या खाली जुनं तेल गोंदासारखं घट्ट झालेलं. ते काढलं, पुसलं, सगळे भाग ओळीनं मांडले. शेजारच्या खोलीतले कारकून दारात येऊन उभे.

साहेब म्हणाले, "वा. आता जोडा."

मी हात पुसले आणि खुर्चीत बसले. "सही झाली की जोडते."

*

लायसन्स मिळालं आणि मी दुकानावर पाटी लावली, जुन्या रायफलीत बदल करून मिळणार नाहीत. त्यानंतर बाक हळूहळू रिकामा व्हायला लागला. लोकांना बदलच पाहिजे असायचे.

भोकरचे एक पाटील आले. पोरीचं लग्न होतं, वरातीत पणजोबाची रायफल खांद्यावर टाकून चालायचं होतं. म्हणाले, "बाई, हिला चांदीवानी चकचकीत करून द्या."

मी म्हटलं, "पाटील, हिची निळसर काळी झाक शंभर वर्षं जुनी हाय. ती घासली की गेली. तुमच्या आजीला पावडर लावून वरातीत नाचवता का?"

पाटलांना राग आला. रायफल उचलली आणि गेले. बुलेट मोटारसायकलींचे सायलेन्सर चमकवून देणाऱ्या कुणाकडून तरी त्यांनी ती वरून खालपर्यंत पांढरी करून आणली. नळी, बोल्ट, घोडा, सगळं. बोल्ट म्हणजे मागचा सरकता दांडा. त्याच्यावर मुलाम्याचा थर चढला, तो फुगला, आणि आत जाईना. वरात निघायच्या दोन दिवस आधी पाटील पुन्हा माझ्या दारात. एका हातात रायफल, एका हातात बोल्ट.

"बाई, लई घाण झाली. काही तरी करा."

मी दोन्ही हातात घेऊन बघितलं. आरशासारखं काम होतं, माझं कुंकू दिसत होतं त्यात. तेव्हा मी कुंकू लावायचं सोडलं नव्हतं, आजही सोडलेलं नाही, ते असो. "पाटील, याला एकच जागा हाय."

"कुठली?"

"तुमच्या घरातली स्टीलच्या भांड्यांची मांडणी."

पाटलांनी वरातीत ती तशीच, बोल्टशिवाय मिरवली. मला लग्नाची पत्रिकाही दिली होती. मी गेले नाही. आता वाटतं जायला हवं होतं. मिस्त्री असता तर जेवून आला असता, आणि जेवता जेवता बोल्ट घासून मोकळाही केला असता.

*

इस्लापूरकडच्या एका घरची रायफल आली ती वेगळ्याच तक्रारीनं. मालक म्हणाला, "बाई, हिच्यातून मुंग्या निघायल्यात."

मला वाटलं थट्टा करतोय. नळी उभी धरली तर खरंच, तांबड्या मुंग्यांची रांग बाहेर पडली आणि माझ्या टेबलावरून शिस्तीत चालायला लागली. विचारता विचारता उलगडा झाला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरातली सगळी हत्यारं पूजेला मांडतात. नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड, रायफल. या घरच्या म्हातारीचा भाव असा, की बाहेरून हळद-कुंकू लावून भागत नाही. ती दर वर्षी पंचामृताचा एक चमचा नळीत सोडायची.

मी मालकाला म्हटलं, "आईला सांगितलं न्हाई कुणी?"

"सांगितलं की. म्हणायली, देव काय फक्त वरून असतोय का?"

नळी आतून कायमची गेली होती. बाहेर, लोखंडावर, पाच ठिकाणी हळदीचे पिवळट डाग खोल उतरलेले. मालक म्हणाला, डाग तेवढे घासून काढा, कुणाला विकायची झाली तर व्हॅल्यू येईल. मी बोटं लावून बघितली. डाग बरोबर एका हाताच्या पाच बोटांचे होते. वर्षानुवर्षं म्हातारीनं एकाच जागी हात टेकवलेला.

मी मुंग्या काढून दिल्या, डाग काढले नाहीत. तो भांडला. वरून म्हणाला, "मिस्त्री असता तर काढून दिले असते." ते खरं होतं. दोन वर्षांनी त्याचा फोन आला. आई वारली म्हणाला. एवढंच बोलला आणि बराच वेळ फोन ठेवेना. मीही ठेवला नाही.

*

निवडणूक लागली की लायसन्सवाल्यांना आपापल्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. पावती मिळते, निकालानंतर बंदूक परत. बंदूक भरलेली नाही ना हे तपासायला दोन-तीन तालुक्यांतून आम्हाला बोलावणं असायचं. पूर्वी त्या दिवशी व्हरांड्यात जत्रा भरायची. लोक डबे घेऊन यायचे, एकमेकांच्या बंदुका हातात घेऊन बघायचे. दर दुसऱ्या बंदुकीवर मिस्त्रीचं काम, म्हणून तो त्यांच्यात वरबापासारखा फिरायचा. मी त्याच्या मागून जाऊन प्रत्येकाला सांगायची, की या माणसानं तुमच्या बंदुकीची काय वाट लावून ठेवलीय.

बापूसाहेब त्या व्हरांड्यातलेच. मुखेडचे शेतकरी, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठे. त्यांची रायफल त्यांच्या वडिलांची, बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून आणायचे. मी ती सोडायची आणि सगळ्यांना दाखवायची. बघा, एक स्क्रू हललेला नाही. हा कुंदा बघा, विलायती अक्रोडाचं लाकूड, याची नक्षी बघा, असं काम आपल्याकडं होत नाही. मिस्त्री अशा वेळी तंबाखू मळत दुसरीकडं जायचा. बापूसाहेब डबा आवरायला घ्यायचे. मला वाटायचं, एक जळतोय आणि एक लाजतोय.

एका निवडणुकीला नवा हवालदार आला होता. पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन तो प्रत्येक कुंद्यावर जमा नंबर रंगवत सुटला. मिस्त्री तेव्हा हयात नव्हता. बापूसाहेब रायफल पोटाशी धरून बसले. "नंबर माझ्या कपाळावर टाक. हिच्यावर न्हाई."

"आजोबा, नंबर टाकावाच लागतो. अदलाबदल झाली तर?"

मी एका जाड पुठ्ठ्यावर नंबर लिहिला आणि सुतळीनं रायफलीला बांधला. हवालदार म्हणाला, "अन् पुठ्ठा तुटून पडला तर कुणाची हाय कसं कळंल?"

मी म्हटलं, "मग यांना बी हिच्यासंगं आत ठेव. निकाल लागला की दोघांना सोड."

मागच्या वेळी व्हरांड्यात आम्ही पाचजण होतो. त्यातले दोघं वडिलांच्या बंदुका कायमच्या सरकारजमा करायला आलेली पोरं. ती सह्या करून मोटारसायकलवर निघून गेली. बापूसाहेबांनी भाकरी आणि शेंगांची चटणी काढली, अर्धी माझ्यापुढं सरकवली. म्हणाले, "मिस्त्रीणबाई, आता यातलं कळणारं कोण राहिलंय? तुमी अन् मी."

"तुम्हाला कुठं कळतंय," मी म्हटलं. "तुम्ही नुसती सांभाळलीत."

ते हसले, पण नेहमीसारखं नाही.

*

त्यांच्या पोराला रायफल नको होती. तो पुण्यात, सोसायटीत राहतो. "पप्पा, इथं बंदूक कुठं ठेवू?" बापूसाहेबांचं वय ब्याऐंशी, बायको गेलेली. त्यांच्यामागं रायफल सरकारी कोठीत जाणार, तिथं पोत्यात पडून गंजणार. म्हणून त्यांनी पुण्याच्याच एका संग्रहवाल्या गृहस्थांना ती द्यायचं ठरवलं. परवानग्या निघाल्या. त्या गृहस्थांचा मला फोन आला. "बाई, तुमचं नाव ऐकून आहे. तुम्ही लिहून दिलंत तर मी डोळे झाकून घेईन. नाहीतर मला त्यात रस नाही."

ठरल्या दिवशी सकाळी मी स्क्रूड्रायव्हरची गुंडाळी घेऊन मुखेडला गेले. गृहस्थ दुपारी यायचे होते. बापूसाहेब म्हणाले, "उघडायची काय गरज हाय? चाळीस वर्षं बघायलात की."

"बघितली. उघडली कधीच नाही. सही माझी जाणार."

"चहा घेऊन उघडा."

चहा घेतला. "अजून एक घ्या," म्हणाले. दुसरा घेतला. तिसऱ्याला मी उठले.

कुंद्याच्या मागच्या टोकाला लोखंडी पट्टी असते, दोन स्क्रूंवर. ती काढली की आत कोरं लाकूड दिसतं. मिस्त्रीची खोड होती, नवा कुंदा केला की त्या कोऱ्या जागी पेन्सिलीनं गिऱ्हाइकाचं नाव लिहायचा. मी पट्टी काढली. आत मिस्त्रीचं अक्षर. तीन ओळी.

मुखेड.
बापूसाहेब.
हिला कळू देऊ नये.

बापूसाहेबच बोलायला लागले, भिंतीकडं बघून. त्यांचे वडील मोतीबिंदूच्या ऑपरेशनला लातूरला गेलेले. इकडं शेतातून येताना रायफल ट्रॉलीतून पडली आणि कुंद्यावरून चाक गेलं. वडील असे, की जिवंत सोडलं नसतं. बापूसाहेबांनी तुकडे पोत्यात घालून मिस्त्री गाठला. मिस्त्रीनं एकोणीस दिवसांत नवा कुंदा केला, लाकडाचा रंगसुद्धा जुना केला. वडील नवी नजर घेऊन परत आले, पहिलं काम म्हणून रायफल मागितली. दारात उजेडाला धरून बघितली आणि म्हणाले, "ऑपरेशन झ्याक झालं. पोरपणी दिसायची तशी दिसायली."

मी विचारलं, "अन् तो विलायती कुंदा? त्याचे तुकडे?"

"बंबात घातले."

मी चाळीस वर्षं जिची आरती ओवाळली, तिच्यातलं विलायती लाकूड बापूसाहेबांच्या एका आंघोळीला गेलेलं होतं.

मग मला ते साल आठवलं. माझ्या पुस्तकांना पेटी करून देतो म्हणून मिस्त्रीनं हैदराबादहून अक्रोडाची फळी आणली होती. पुढं म्हणाला, वाळवी लागली. मी त्याला आठ दिवस बोलले होते.

"मला का नाही सांगितलं? तो गेल्यावर तरी?"

"शपथ घातलेली त्यानं. म्हणला, तिला एक तरी राहू द्या." बापूसाहेबांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "बसवा पट्टी परत. अन् ल्हिवून टाका. कुणाला कळायलंय? कळणारा गेला. न्हाईतर माझ्या डोळ्यांदेखत ही कोठीत जाईल बाई."

मी पट्टी बसवली. स्क्रू आवळले. चिठ्ठी लिहायला कागदही काढला.

*

गृहस्थ दोनच्या सुमाराला आले. पांढरे हातमोजे घातले, भिंग काढलं, अर्धा तास रायफल बघितली. मग मोठा श्वास सोडून म्हणाले, "अप्रतिम. शंभर टक्के ओरिजिनल. लिहा बाई."

बापूसाहेब जमिनीकडं बघत बसलेले.

मी म्हटलं, "कुंदा ओरिजिनल नाही."

ते हसले, म्हातारीला हसतात तसं. "बाई, माझा अभ्यास आहे यातला. हे काम इंग्लंडचंच. ही नक्षी बघा, किती बारीक. असं काम इथं होत नव्हतं."

हेच वाक्य मी व्हरांड्यात उभी राहून किती वेळा म्हटलं होतं. तरी माझं डोकं फिरलं. "इथं म्हणजे कुठं?"

"म्हणजे... या भागात."

"हे माझ्या नवऱ्याचं काम हाय. जुन्या मोंढ्याजवळ, पत्र्याच्या शेडमध्ये, मांडीवर घेऊन केलेलं."

ते ऐकेनात. ते लाकडाच्या रेषा दाखवायला लागले, मी कोपऱ्यातली, चाळीस वर्षं माझ्याच डोळ्यांना न दिसलेली खाच दाखवायला लागले, जिथं मिस्त्रीचा हात नेहमी किंचित उचलला जायचा. ते म्हणाले, ही तर इंग्रज कारागिराची लकब. आयुष्यभर मी त्या माणसाला सांगत आले की तुला काही येत नाही, आणि त्या दिवशी तासभर एका परक्यासमोर घसा कोरडा करत होते, की एवढं चांगलं त्यालाच येत होतं. शेवटी मी दोन्ही स्क्रू काढले आणि पट्टी बाजूला केली.

त्यांनी भिंगातून मोठ्यानं वाचलं. "मुखेड. बापूसाहेब. हिला कळू देऊ नये." मान वर केली. "ही म्हणजे कोण?"

"मी."

त्यांनी हातमोजे काढले. मग म्हणाले, "लोखंड सगळं मूळ आहे. तेवढं मी नेतो. याच जातीचा कुंदा परदेशातून मिळवून बसवीन. म्हणजे ती पुन्हा ओरिजिनल होईल."

"दुसऱ्या कुठल्या तरी रायफलीचा काढून?"

"हो."

"अन् त्याला ओरिजिनल म्हणायचं?"

"तसंच म्हणतात, बाई."

तसं म्हणणाऱ्यांत मी पण होते.

त्यांनी लोखंड पेटीत ठेवलं. कुंदा तिथंच राहिला. "याला तशी काही व्हॅल्यू नाही. तुम्हाला हवा असेल तर ठेवा." गाडी गेली. बापूसाहेबांनी कुंदा लुगड्यात गुंडाळला, गाठ मारली आणि माझ्या हातात दिला. रायफल कोठीत गेली नाही, म्हणून ते खूश होते की काय ते मला कळलं नाही. "आता निवडणुकीला मी येणार न्हाई," म्हणाले. "काय घेऊन येऊ?"

*

मुखेडचा बाजाराचा दिवस होता. नांदेडची एसटी गच्च भरलेली. मी आधीच चढून खिडकीजवळ बसले आणि ते गाठोडं शेजारच्या सीटवर ठेवलं. बाया भाजीच्या पिशव्या घेऊन उभ्या, म्हातारे दांड्याला धरून उभे. दोघा-तिघांनी विचारलं, मी मान हलवली.

कंडक्टर आला. "आजी, सामान खाली ठिवा. माणसं उभी हायेत."

"सामान न्हाई ते."

त्यानं गाठोड्याकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं. "आधार कार्ड दाखवा." मी दाखवलं. त्यानं जन्मसाल वाचलं. "तुमाला तर तिकीटच न्हाई. पंच्याहत्तरीच्या पुढं फुकट हाय."

"माझं मागत न्हाई. एक तिकीट दे, नांदेड."

"कुणाचं?"

मी गाठोड्यावर हात ठेवला.

मागं कुणीतरी हसलं. कंडक्टर हसला नाही. मशीन हातात धरून तसाच उभा राहिला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "बाईमाणूस असलं तर हाफ बसतं, आजी."

"बाईमाणूस न्हाई. फुल दे."

त्यानं बटणं दाबली. तिकीट फाडून ते माझ्या हातात न देता गाठोड्याच्या गाठीत खोचलं, आणि मागं वळून उभ्या माणसांना म्हणाला, "चला, पुढं सरका. ही सीट भरल्याली हाय."